वाद्यांच्या आडून

गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींत एक जुनी रीत आहे. तिथं माणूस कधी आजारी पडत नाही. त्याचं वाद्य आजारी पडतं. गवयाचा घसा बसला, की तंबोऱ्याची जवारी बिघडलेली असते. व्हायोलिनवाल्याला रात्री झोप लागली नसली, की सकाळी त्याच्या खुंट्या घसरतात. तबलजीचं मनगट दुखू लागलं, की पुडी कडक लागलेली असते. पेटीवाल्याची सोय तर सर्वांत उत्तम. त्याला दमा असो, पाठदुखी असो, की घरी बायकोशी बोलाचाली बंद असो. "भात्यात दम नाही हो आज" एवढं म्हटलं, की ऐकणाऱ्यानं काय ते समजून घ्यायचं.

मी पेटीवाला. रत्नागिरीत झाडगावातल्या एका ओटीवर दर शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं जमतो. ओटी ज्यांची ते बुवा, ते गातात. मास्तर व्हायोलिन वाजवतात आणि शाळेतून निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली तरी अजून बोलताना समोरच्याला बाकावर उभं करतात. तात्या तबला वाजवतात, आणि भजन असलं की पखवाज. नावं मुद्दामच सांगत नाही. गाव लहान आहे, आणि चौघांपैकी तिघांचा असा समज आहे, की आपलं नाव छापून यायचं तर ते एकट्याचं यावं.

आमच्या बैठकीत गाणं किती होतं आणि बोलणं किती, ह्याचा हिशेब वहिनींनी एकदा काढला होता. त्यांच्या मते तासाला चाळीस मिनिटं वाद्यं लावण्यात जातात, पंधरा मिनिटं वाद्यांना नावं ठेवण्यात जातात, आणि उरलेल्या पाच मिनिटांत चहा येतो म्हणून गाणं थांबतं.

पण वाद्यं लावायला वेळ लागतो तो आमच्या अंगच्या आळसामुळं नव्हे. दोष हवेचा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा आपल्या तबल्यावर पडतो अशी तात्यांची तक्रार आहे. तबल्याची पुडी म्हणजे बकऱ्याचं कातडं. हवेतलं पाणी पिऊन ते सैल पडतं आणि सूर खाली येतो. मग गट्टे खाली ठोकायचे, वादी ताणायची, गजऱ्यावर हातोडी फिरवायची, सोळाही घरांतून एकच सूर येईतो पुन्हा पुन्हा ठोकायचं. ते जमलं न जमलं तोच समुद्रावरून एक झुळूक येते आणि सोळांपैकी चार घरं पुन्हा संपावर जातात. जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात संगीत महोत्सव भरतो. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथं आणून ठेवलं, १९१० साली त्याच्यासाठी हा वाडा उभा राहिला, आणि १९१६ साली तो राजा इथंच वारला. उघड्या आभाळाखाली रात्री दव पडू लागलं, की रंगमंचावरच्या भल्या भल्या तबलजींचा हात हातोडीकडे जातो. तात्या श्रोत्यांत बसून समाधानानं मान डोलावतात. "राजासुद्धा सुटला नाही आमच्या हवेतून, हे तर तबलजी," असं ते म्हणतात.

पावसाळ्यात बुवांच्या स्वयंपाकघरात चुलीवरच्या फळीला पापड, कुरडया आणि तात्यांचा एक जास्तीचा तबला अशी तीन वाळवणं असतात. वहिनींचा त्याला विरोध नाही. त्यांचा विरोध पखवाजाला आहे. पखवाजाच्या डाव्या बाजूला, धुमेला, वाजवण्याआधी ओली कणीक थापावी लागते. तेव्हा कुठं तो घुमतो. ती कणीक वहिनींच्या परातीतून येते. "ह्या घरात आधी पखवाज जेवतो आणि मग माणसं," असं त्या म्हणतात. त्यावर तात्यांचं उत्तर ठरलेलं आहे : "वहिनी, पखवाज जेवला की निदान बोलतो तरी. बुवा जेवले की घोरतात."

वाद्य घेऊन प्रवास करणं हा आणखी एक अध्याय. एस.टी.च्या टपावर आम्ही तरुणपणी तंबोरा कधी ठेवू दिला नाही. तो मांडीवर घेऊन माणसं उभी राहिली. गवसणीतला डग्गा पाहून एका कंडक्टरनं "फणस खाली ठेवा, सीटवर नको," असं बजावलं होतं. तात्या म्हणाले, "फणस नाही, डग्गा आहे." कंडक्टर म्हणाला, "कापा की बरका?" १९९८ साली कोकण रेल्वे पुरती सुरू झाली आणि आमचे हाल कमी झाले, मात्र असे कंडक्टरही भेटेनासे झाले.

आणि रत्नागिरीत पेटीवाला असण्यासारखी दुसरी पंचाईत नाही. उभ्या महाराष्ट्रात पेटी म्हणजे हार्मोनियम असेल. इथं मार्च ते मे पेटी म्हणजे हापूस आंबा. "यंदा पेटीला काय भाव?" असं कुणी रस्त्यात विचारलं, की मी अजूनही क्षणभर सुखावतो. आमच्या आधीच्या पिढीतल्या एका पेटीवाल्यांची गोष्ट इथं सांगतात. मुंबईहून एका यजमानांचा निरोप आला, "कार्यक्रमाला या, येताना पेटी आणा." हे बिचारे आपली दुहेरी सुरांची, सात खुंट्यांची पेटी खांद्यावरून वाहत दादरला पोचले. दार उघडणाऱ्या बाईंनी झाकण उघडून आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा काही उतरला, की त्या रात्री कितीही बहारीनं वाजवलं तरी तो पुन्हा चढला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी दोन्ही पेट्या नेल्या. बिदागी वाढली, पण कुठल्या पेटीमुळं वाढली ते अखेरपर्यंत कळलं नाही.

मास्तरांचा पेटीवर जुना राग. "पेटी म्हणजे छापील फॉर्म," ते म्हणतात. "ठरलेल्या चौकटीत ठरलेलं भरायचं. मींड नाही, श्रुती नाही. गांधार तर कायमचा चढलेला." हे शेवटचं खरं आहे. पेटीचे बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळं तिचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून आपसूक उमटणाऱ्या गांधारापेक्षा किंचित वर राहतो. ह्या एका गांधारावरून केवढं रामायण झालं! सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे आय.सी.एस. साहेब ह्यांनी १९१०-११ च्या सुमारास बावीस श्रुतींची पेटी घडवण्याचा घाट घातला होता. पुढं १९४० साली आकाशवाणीनं पेटीला दारच बंद केलं. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी आवडत नसे. बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडावं लागलं. तीस वर्षं! तेवढ्यात खुनाची शिक्षा भोगून माणूस घरी येतो.

"आणि गुन्हा काय?" मी मास्तरांना विचारतो. "परदेशी जन्म. पॅरिसला १८४२ साली दबँ नावाच्या माणसानं तिचं पेटंट घेतलं, हाच ना? कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला मांडी घालून बसणाऱ्यांच्या जोगी केली, आता ती आमच्याबरोबर जमिनीवर बसते. तुमचं व्हायोलिन काय संगमेश्वरला पिकतं?"

"व्हायोलिन गातं," मास्तर म्हणतात.

"पेटीही गाते, गाववणारा हवा. गोविंदराव टेंबे हवेत. १९११ साली 'मानापमाना'च्या चाली बांधणारा माणूस पेटीवाला होता. आपल्याच जिल्ह्यातले गोविंदराव पटवर्धन हवेत. बोरीचे तुळशीदास बोरकर हवेत."

"ते सगळे होते, हे मला मान्य आहे," मास्तर शांतपणे धनुकलीला राळ लावत म्हणतात. "इथं कोण आहे, एवढाच प्रश्न आहे."

ह्यावर तात्या आणि बुवा एकमेकांच्या हातावर टाळी देतात. रत्नागिरीला आकाशवाणीचं केंद्र आलं १९७७ साली, म्हणजे बंदी सैल झाल्यावर. तेव्हा आमच्या केंद्रात पेटी पहिल्या दिवसापासून ताठ मानेनं गेली, हा माझा शेवटचा मुद्दा असतो. तो मी दर शनिवारी मांडतो आणि दर शनिवारी तेवढ्यात चहा येतो.

हे सगळं वरवर पाहिलं तर पोरकट आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी एकमेकांच्या लाकडाला आणि कातड्याला नावं ठेवावीत ह्यात काय मिळतं, असं माझी सून मला विचारते. तिला मी जे नीट सांगू शकलो नाही, ते गेल्या वर्षी घडलेल्या प्रकारानं मला सांगता येईल असं वाटतं.

गणपतीच्या सुमाराची गोष्ट. तात्यांचा तबला एकाएकी मोठा वाजायला लागला. म्हणजे डग्गा पूर्वीसारखाच होता, लव पूर्वीसारखी होती. पण चाटेवरचा 'ना' असा कडाडायचा, की बुवांचा ख्याल मध्येच दचकून उभा राही. "तात्या, आज तबल्याला राग आलाय का?" बुवांनी विचारलं. "नवी पुडी आहे, नरमेल," तात्या म्हणाले. पुढच्या शनिवारी पुडी जुनी होती, पण राग तोच. मग हवेला दोष दिला गेला, मग शाईला, मग ओटीच्या पत्र्याला. आम्ही तिघंही हो हो म्हणत होतो, कारण आम्हां तिघांनाही कारण कळलं होतं. वयाबरोबर कान जातात ते वरच्या सुरांपासून जातात. खालचा घुमारा शाबूत राहतो. कडेचा टणत्कार, बोलण्यातले 'स' आणि 'श', पाखरांची किलबिल हे आधी पुसट होतं. तात्यांना आपलाच 'ना' ऐकू येत नव्हता, म्हणून ते तो शोधत होते, हातानं, जोर लावून.

हे त्यांना सांगणार कोण? पन्नास वर्षं ज्या माणसानं दुसऱ्यांचे सूर कानानं पकडले, त्याला कान तपासून घ्या म्हणणं म्हणजे सोनाराला हे पितळ आहे म्हणण्यासारखं. सरळ बोलणारं माणूस त्या घरात एकच. वहिनी म्हणाल्या, "तात्याभाऊजी, मी तीनदा विचारलं, चहात साखर घालू ना?"

"वहिनी," तात्या म्हणाले, "साखरेला कुणी तीनदा विचारतं का? घालून मोकळं व्हावं!"

सगळे हसले. तात्याही हसले, पण त्यांचं हसू आमच्यामागून आलं, अर्ध्या मात्रेनं. लयीचा एवढा पक्का माणूस आमच्या तोंडाकडे पाहून हसला होता. त्या दिवशी पेटीला कुणीच नावं ठेवली नाहीत. आमच्या ओटीवर ह्याहून वाईट लक्षण नाही.

पुढच्या शनिवारी मास्तरांनी व्हायोलिन मांडीवर आडवं ठेवलं आणि म्हणाले, "माझ्या वरच्या तारेत काही तरी बिघाड आहे. दोन तारा बदलल्या, गुण नाही. मला वाटतं, तार ठीक आहे, कानच बिघडलाय. डॉक्टरकडे जाईन म्हणतो. एकट्याला कंटाळा येतो. तात्या, याल सोबतीला?"

तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग तबल्यावर गवसणी घातली आणि म्हणाले, "सोमवारी मोकळा आहे."

सोमवारी दोघंही गेले. डॉक्टरांनी मास्तरांना तपासलं, आणि आता आलातच आहात तर म्हणून तात्यांनाही तपासलं. मास्तरांचे कान चाळिशीतल्या माणसाला शोभतील असे निघाले. तात्यांच्या कागदावरची रेघ मात्र डावीकडून नीट चालत येऊन मध्यावर जी घसरली, ती थेट घाट उतरून खाली. तात्या बाहेर येऊन पायऱ्यांवर थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं व्हायोलिन खोटं बोलतं."

"विलायती आहे," मास्तर म्हणाले. "पेटीवाल्यांना विचारा."

मास्तरांनी हे मला सांगितलं तेव्हा पेटीवरचे त्यांचे चाळीस वर्षांचे अपराध मी मनातल्या मनात माफ केले. तोंडावर तसं म्हटलं नाही. शनिवार बिघडला असता.

मग यंत्र आलं. त्याची किंमत ऐकून तात्या म्हणाले, एवढ्यात तबल्याच्या दोन जोड्या येऊन वर मिरजेचा तंबोरा आला असता. (मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तात्या प्रत्येक वस्तूची किंमत तंबोऱ्यांत मोजतात.) पहिल्या शनिवारी यंत्र कानात घालून ते आले आणि आल्या आल्या म्हणाले, "वर्तमानपत्र घडी करतंय कोण? केवढा आवाज!" कपबशी वाजली तर दचकले. झाडगावात एवढे कावळे आहेत हे आपल्याला ठाऊक नव्हतं म्हणाले. बुवांनी षड्ज लावला, तात्या कानाशी हात नेऊन म्हणाले, "बुवा नळातून गाताहेत." ही यंत्रं मूळची बोलणं ऐकण्यासाठी केलेली. गाण्याचा चढउतार त्यांना झेपत नाही. मोठा सूर ती दाबतात, बारीक सूर फुगवतात. यंत्र बसवणाऱ्या बाईंनी चार खेपा घेऊन त्यात गाण्यासाठी निराळी जोडणी करून दिली, तेव्हा कुठं बुवा नळातून बाहेर आले.

त्याच शनिवारी तात्या माझ्याकडे वळले. अर्धं आवर्तन ऐकून त्यांनी हात उचलला. "पेटीवाले," ते म्हणाले, "रागावू नका. चाळीस वर्षं मी ह्या मास्तरांशी तुमच्या बाजूनं भांडलो. आज पहिल्यांदा तुमची पेटी नीट ऐकली. मास्तरांचं बरोबर आहे."

ओटी हादरली एवढे हसलो आम्ही. वहिनी परातीसकट बाहेर आल्या. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, यंत्र परत करता येतं का, विचारा."

गोष्ट इथं गोड संपवता आली असती. पण दिवाळी अंकासाठी म्हणून फराळात नसलेलं वाढू नये. यंत्रानं सगळं परत आलं नाही. तबला लावताना तात्या आता मला खर्ज धरायला सांगतात. खालचा सूर त्यांना स्वच्छ लागतो, त्यावरून ते वरचा जुळवतात, आणि जुळतो. पण मैफलीतल्या मोठ्या आवाजात, चार बाजूंनी सूर येऊ लागले, की त्यांचा गोंधळ उडतो. गेल्या दिवाळीत पहाटेच्या कार्यक्रमाला त्यांनी आपल्या जागी शिष्येला बसवलं. आमच्यापाशी ते काय म्हणाले? "माझा तबला हल्ली थंडी सहन करत नाही. त्याला घरी ठेवलाय." आम्ही तिघांनी माना डोलावल्या. मास्तर म्हणाले, "जुनं खोड आहे. जपायला हवं."

आणि मला माझ्या सुनेच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. माणसाचं दुखणं समोर आणून ठेवलं, की तो उठून जातो. त्याच्या तबल्याचं दुखणं काढलं, तर तोच मांडी ठोकून बसतो आणि चार गोष्टी ऐकून घेतो. आम्ही इतकी वर्षं एकमेकांच्या खुंट्या आणि भाते काढत आलो ते ह्यासाठी असावं. तेवढ्या सरावामुळं वेळ आली तेव्हा मास्तरांच्या तोंडी शब्द तयार होते.

गेल्या दिवाळीत शिष्या बसली होती उजेडात, आणि तात्या पहिल्या रांगेत, अंगात नवा सदरा, कानात यंत्र. पोरीनं लग्गी लावली तेव्हा त्यांची बोटं गुडघ्यावर चालत होती. कार्यक्रम संपून टाळ्या सुरू झाल्या आणि त्यांनी घाईघाईनं यंत्र काढून खिशात टाकलं; टाळ्यांचा आवाज त्यातून काचा फुटल्यासारखा येतो. पोरगी पाया पडायला आली. "चाट जरा कमी मार," ते तिला म्हणाले, "बुवा दचकतात."

शनिवार चालू आहे. शनिवारी तबला तात्यांचाच. यंदाच्या पावसात त्यांच्या पुडीला बुरशी आली, मास्तरांच्या व्हायोलिनचा एक सांधा उकलला आणि माझ्या पेटीच्या दोन पट्ट्या फुगून अडकल्या आहेत. वहिनींच्या मते चौथं वाद्य तेवढं ठणठणीत आहे. रात्री घोरतं आणि दिवसा गातं. चकल्या तळून झाल्या, की ह्या दुरुस्त्यांना बसायचं आहे. पेट्यांचा मोसम मात्र मार्चशिवाय नाही, तेव्हा कुणी भाव विचारू नये.